‘सगळं फुकट’ म्हणणाऱ्या मेसेजचा हिशोब

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मेसेज तुम्हालाही आला असेल: ‘शेतकऱ्याला वर्षाला बारा हजार रोख, खत फुकट, ठिबक फुकट, वीज फुकट, टॅक्स शून्य. तरी रस्त्यावर उतरतो. पैसा आपल्या टॅक्सचा.’

बारा हजारांचा आकडा बरोबर आहे. पीएम किसानचे सहा, राज्याच्या ‘नमो शेतकरी’चे सहा. पण ते माणशी नाहीत, नवरा-बायको आणि अल्पवयीन मुलं मिळून एका कुटुंबाला आहेत. म्हणजे महिन्याला हजार. केंद्राचे सहा हजार २०१९ पासून सहाच आहेत. तेवढ्या काळात मजुरी कुठे गेली ते बांधावर जाऊन विचारा.

खत फुकट नाही, स्वस्त आहे. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. दुकानात मशीनवर अंगठा शेतकरी लावतो, अनुदान जमा होतं कंपनीकडे. वर हंगामात गोणी हवी असेल तर कुठलं तरी नको असलेलं औषध गळ्यात मारतात. त्याला ‘लिंकिंग’ म्हणतात.

ठिबकाला लहान शेतकऱ्याला ८० टक्के अनुदान आहे, तेही सरकारने ठरवलेल्या खर्चावर. आधी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज, नंबर लागला की पूर्वसंमती, मग खरेदी, जोडणी, तपासणी, आणि शेवटी खात्यात पैसे. तोवर दुकानदाराचं बिल शेतकऱ्याच्याच डोक्यावर.

वीज? साडेसात एचपीपर्यंतच्या पंपाचं बिल एप्रिल २०२४ पासून माफ आहे, हे खरं. शेतीच्या विजेची पाळी रात्रीची आली की अंधारात पाणी धरायला जावं लागतं, हेही खरं.

टॅक्सचं थोडक्यात सांगतो. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. पण फवारणीच्या रासायनिक औषधावर १८ टक्के जीएसटी आहे, आणि दुकानदाराला मिळते तशी त्याची वजावट शेतकऱ्याला मिळत नाही.

आता मेसेजमध्ये जे लिहिलेलंच नाही ते. कांदा घ्या. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं, डिसेंबरात थेट बंदी. मे २०२४ मध्ये बंदी उठली, शुल्क राहिलं. ते पूर्ण गेलं १ एप्रिल २०२५ ला. एकरी शंभर क्विंटल धरा. अशा निर्णयाने भाव क्विंटलमागे हजाराने जरी उतरला, तरी एकरामागे लाख गेले. बारा हजारांचे आठ वर्षांचे हप्ते एका हंगामात वळते! शहरात कांदा स्वस्त राहावा म्हणून शेतकऱ्याने सोसलेला हा भुर्दंड कुठल्याच बजेटात दिसत नाही, म्हणून त्याला कुणी अनुदान म्हणत नाही.

त्याआधी २०२३ च्या सुरुवातीला भाव कोसळले, तेव्हा राज्याने क्विंटलला ३५० रुपये जाहीर केले, २०० क्विंटलपर्यंत. अट निघाली की सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीची, म्हणजे मोबाइल अ‍ॅपवरून केलेली पिकाची, नोंद हवी. बाजार समितीची विक्रीची पट्टी हातात, माल विकलेला, पण सातबाऱ्यावर कांदाच नाही, अशी कित्येकांची गत झाली. मग अट सैल करावी लागली.

हा हिशोब शेतकरी नेत्यांनीच मांडलाय असं नाही. ओईसीडी ही आंतरराष्ट्रीय आर्थिक संघटना आणि इक्रिअर ही दिल्लीची संशोधन संस्था, यांच्या २०१८ च्या अहवालात सगळी अनुदानं जमेला धरली आणि पाडलेले भाव वजा केले. २०००-०१ ते २०१६-१७ या काळात शेतकऱ्याला मिळालेला आधार शेतीच्या एकूण उत्पन्नाच्या सरासरी उणे १४ टक्के निघाला. उणे!

एक गोष्ट मात्र मान्य. पीएम किसानमधून आयकर भरणारे आणि चतुर्थ श्रेणी सोडून बाकीचे सरकारी नोकरदार वगळलेले असताना त्यातल्या बऱ्याच जणांनी हप्ते उचलले, नंतर वसुलीच्या नोटिसा निघाल्या. आणि दुसऱ्याचं रान वाट्याने कसणाऱ्याला यातला रुपयाही नाही, कारण सातबाऱ्यावर नाव मालकाचं. यावर कुणी मेसेज लिहिला, तर तो मीही पुढे पाठवीन.