कोंबडी अंडे केव्हा घालते आणि कुठे घालते: ‘सहा नियमां’चा प्रतिवाद

‘गावठी कोंबडीचे सहा नियम’ या मथळ्याचा एक संदेश गेले काही आठवडे कोल्हापूर परिसरातील व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरत आहे. माझ्याकडे तो दोनदा आला आणि दोन्ही वेळा मी तो पुसून टाकला. त्याच वेळी त्याला उत्तर लिहायला हवे होते, कारण पुढे तो पन्हाळा तालुक्यात राहणाऱ्या माझ्या आत्याकडे पोहोचला आणि तिने त्यातला एक नियम पाळून पाहिला.

संदेशातील नियम थोडक्यात असे आहेत. निरोगी कोंबडी रोज सूर्योदयापूर्वीच अंडे घालते आणि उशिरा आलेले अंडे हलक्या प्रतीचे असते. कोंबडा नसेल तर अंडी येत नाहीत. खुराड्यात रात्रभर दिवा ठेवला तर दिवसाला दोन अंडी मिळतात. खुराड्याबाहेर अंडी घालणारी कोंबडी ‘चोरटी’ असते. तिचा पाय बांधून तिला दोन दिवस दाणापाण्याविना डालग्याखाली ठेवावे, म्हणजे ती सुधारते. खुडूक बसलेल्या, म्हणजे अंडी घालणे थांबवून उबवायला बसलेल्या कोंबडीला थंड पाण्यात बुडवून तिच्या नाकपुडीत पीस घालावे. तपकिरी कवचाचे अंडे पांढऱ्यापेक्षा पौष्टिक असते.

यातला चौथा नियम सर्वांत क्रूर आहे आणि माझ्या आत्याने नेमका तोच पाळला, म्हणून आधी त्याविषयी लिहितो.

आत्याच्या परड्यात दहा-बारा कोंबड्या आहेत. त्यांतली एक तांबडी कोंबडी खुराड्यात अंडे न घालता गोठ्यामागे रचलेल्या भाताच्या पिंजरात (पेंढ्यात) घालते. मी रविवारी सकाळी अकराच्या सुमारास तिथे पोहोचलो, तेव्हा ही कोंबडी आदल्या दिवसापासून डालग्याखाली होती आणि तिच्या पायाला सुतळी बांधलेली होती. चोच उघडी ठेवून ती धापा टाकत होती, तुरा फिका पडला होता आणि सुतळीखालची कातडी सोलवटली होती. मी डालगे उचलून पाण्याची वाटी पुढे ठेवली, तेव्हा ती कितीतरी वेळ पाणी पीत राहिली. दुपारी तिने उभ्या-उभ्याच अंडे टाकले. त्याच्या कवचावर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर होता. आत्याला विचारले, तर ती म्हणाली, “मोबाईलवर आलंय म्हटल्यावर खोटं कशाला आसंल?” आत्याचा मला राग आला नाही. ज्यांनी हे लिहिले आणि ज्यांनी न वाचता पुढे ढकलले, त्यांचा आला.

तो पांढरा थर कशाने येतो, हे समजले की या नियमातली चूक आपोआप दिसते. अंडे तयार झाले तरी कोंबडीला निवांत जागा मिळाली नाही किंवा ती भेदरलेली असली, तर ती ते काही तास आत धरून ठेवू शकते. तेवढा वेळ अंडे कवच तयार होणाऱ्या पिशवीतच राहते आणि पूर्ण झालेल्या कवचावर चुन्याचा जास्तीचा थर चढतो. आत्याच्या कोंबडीने खोडसाळपणा केला नव्हता, तिने आपल्या जागेवर जाता येईल याची वाट पाहिली होती.

जागेची ही ओढही त्या सकाळी अचानक उपजत नाही. स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे वुड-गश आणि गिल्बर्ट या संशोधकांनी १९६०च्या दशकात दाखवून दिले की, आदल्या दिवशी बीजकोशातून बलक सुटल्यावर मागे जी रिकामी पिशवी उरते, तिच्यातून मिळणारा इशारा दुसऱ्या दिवशी कोंबडीला घरट्याकडे नेतो. ती पिशवी काढून टाकली, तर कोंबडी अंडे घालते खरी, पण घरटे शोधण्याची तिची नेहमीची धडपड दिसत नाही. म्हणजे पिंजराकडे जाण्याची ओढ तिच्या शरीरात आदल्या दिवशीच ठरलेली असते, आणि उपाशी ठेवल्याने ती पुसली जाणे शक्य नाही. अंधारी, आडोशाची, वर्दळ नसलेली, बूड टेकून पोकळ करता येईल अशी मऊ जागा कोंबडीला हवी असते. गोठ्यामागच्या पिंजरात हे सगळे होते. आत्याच्या खुराड्यात खाली फरशी होती आणि दारातून उजेड थेट आत येत होता. अंडे कुठे घालायचे, हे त्या कोंबडीने बरोबर ओळखले होते.

उपासमारीचा परिणाम मात्र नक्की होतो, आणि तो संदेशाच्या वचनाच्या नेमका उलट असतो. दाणा आणि पाणी तोडले की कोंबडीचे अंडी घालणे थांबते आणि ती पिसे गाळू लागते. अंड्यात सुमारे तीन-चतुर्थांश पाणीच असते, त्यामुळे पाण्याविना अंडे तयार होणार तरी कशातून? आत्याच्या कोंबडीने त्या रविवारनंतर अंडे दिलेले नाही आणि तिची मानेवरची पिसे गळत आहेत. ज्या घरात अंडी विकून आठवड्याचा मीठ-मसाला येतो, त्या घराने ‘सुधारणे’ या शब्दावर विश्वास ठेवून हे नुकसान सोसले आहे.

एक गोष्ट मान्य करावी लागते. बाहेर घातलेली अंडी मुंगूस, कावळे आणि कुत्री खातात, आणि कोंबडीची जागा बदलण्यासाठी तिला काही दिवस बंदिस्त ठेवणे हा उपाय जाणकारही सांगतात. पण बंदिस्त म्हणजे बांधलेली आणि उपाशी नव्हे. सकाळी दहा-अकरापर्यंत खुराडे उघडू नये, आत दाणा-पाणी भरपूर असावे, अंधाऱ्या कोपऱ्यात पिंजर घातलेली बुट्टी (टोपली) असावी आणि तिच्यात एखादे खोटे अंडे किंवा अंड्याच्या आकाराचा गुळगुळीत दगड ठेवावा. चार-पाच कोंबड्यांमागे अशी एक बुट्टी पुरते. बहुतेक कोंबड्या आठवडाभरात ती जागा धरतात.

आता वेळेविषयी. सूर्योदयापूर्वीच्या अंड्याचा नियम मांडणाऱ्याने आठवडाभर एका कोंबडीकडे लक्ष दिले असते, तर त्याने तो लिहिला नसता. अमेरिकेतील कॅन्सस येथे वॉरेन आणि स्कॉट या दोघांनी अंडनलिकेच्या प्रत्येक भागात अंडे किती वेळ थांबते, ते मोजून १९३५ साली प्रसिद्ध केले, आणि कुक्कुटशास्त्राच्या पुस्तकांत आजही तोच हिशेब शिकवला जातो. बलक नलिकेच्या तोंडाशी सुमारे पाव तास असतो. पुढच्या भागात त्याच्याभोवती पांढरा भाग चढायला सुमारे तीन तास लागतात, त्यावरच्या पातळ पापुद्र्यांना सव्वा तास आणि कवचाला वीस तासांच्या आसपास. अंडे बाहेर पडल्यावर साधारण अर्ध्या तासाने पुढचा बलक सुटतो. या सगळ्याची बेरीज २४ तासांच्या थोडी पुढे जाते, आणि तेवढ्या फरकाने वेळ रोज पुढे सरकते. सोमवारी सकाळी आठला अंडे देणारी कोंबडी मंगळवारी नऊच्या पुढे, बुधवारी त्याहून उशिरा अंडे देते, आणि असे सरकत-सरकत वेळ दुपारवर गेली की एक दिवस खाडा पडतो. बलक सुटण्याचा इशारा देणारे संप्रेरक दिवसाच्या ठरावीक आठेक तासांतच, तेही मुख्यतः रात्री, वाढते, म्हणून हा खाडा पडतो. ती वेळ चुकली की बलक पुढच्या रात्रीपर्यंत थांबतो आणि नंतरचे अंडे पुन्हा सकाळी लवकर येते. त्यामुळे दुपारी एकचे अंडे हलके नसते आणि खाड्याचा दिवस हा आजार नसतो. बहुतेक अंडी सकाळी उजाडल्यापासून दुपारच्या आत येतात, एवढे अर्धसत्य या नियमात आहे. त्यावर ‘सूर्योदयापूर्वीच’ आणि ‘रोज’ हे दोन शब्द चढवून ते खोटे केले आहे.

याच हिशेबातून एक उपयोगी गोष्ट निघते, ती या संदेशात कुठेही नाही. कवचाचे बरेचसे काम रात्री चालते, म्हणून शिंपल्यांचा चुरा कोंबड्यांना संध्याकाळी मिळाला तर तो अधिक कामी येतो. एका कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम जाते, आणि परड्यात किडे-दाणे टिपून कोंबडीला तेवढे रोज मिळेलच असे नाही.

रात्रभर दिव्याचा दावाही याच बेरजेपुढे कोसळतो. ज्या अंड्याला तयार व्हायला २४ तासांहून अधिक वेळ लागतो, ते दिवसाला दोनदा कसे येईल? नव्या तलंगेला, म्हणजे नुकत्याच अंड्यावर आलेल्या तरुण कोंबडीला, कधीतरी एकाच अंड्यात दोन बलक येतात किंवा एका दिवशी कवच नसलेले दुसरे अंडे पडते, पण तो सुरुवातीचा गोंधळ आहे, उत्पादन नाही. प्रकाशाचा संबंध मात्र खरा आहे. दिवस लहान झाला की अंडी कमी होतात. आपल्याकडे जूनमध्ये सुमारे तेरा तास आणि डिसेंबरमध्ये सुमारे अकरा तास उजेड असतो, आणि व्यावसायिक पोल्ट्रीत दिवा लावून तो चौदा ते सोळा तासांपर्यंत नेतात. पण तिथेही रात्री अंधार ठेवतात, कारण चोवीस तास उजेड राहिला तर कोंबड्यांना विश्रांती मिळत नाही, अंडी कोणत्याही वेळी पडू लागतात आणि त्या एकमेकींची पिसे उपटू लागतात. पुरत्या न वाढलेल्या तलंगेला दिवा लावून लवकर अंड्यावर आणले, तर अंडनलिका बाहेर येण्याचा धोका असतो. अशी कोंबडी बाकीच्या कोंबड्या टोचून मारतात. शिवाय गावठी कोंबडी दहा-पंधरा अंडी घालून खुडूक बसते, हा तिच्या वाणाचा गुणच आहे. तिच्याकडून लेगहॉर्न या भरपूर अंडी देणाऱ्या विदेशी जातीएवढी अंडी दिव्याने काढता येत नाहीत.

खुडूक कोंबडीला बुडवणे आणि नाकात पीस घालणे हे आपल्याकडे जुन्या पिढीतही चालत असे, त्यामुळे संदेशाने ते नव्याने शिकवले असे म्हणता येणार नाही. तरीही ते थांबवले पाहिजे, कारण नाकपुडी सोलली की कोंबडीला श्वासाचा त्रास होतो आणि भिजलेली कोंबडी थंडीत गारठून मरू शकते. अंगातील प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढल्याने ती बसलेली असते. पिल्ले हवी असतील तर तिच्याखाली अंडी ठेवावीत, ती एकवीस दिवसांत पिल्ले काढून देईल. नको असतील तर खालून वारा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात, दाणा-पाणी देऊन, तीन-चार दिवस ठेवावे. पोटाला ऊब मिळाली नाही की ती आपोआप उठते.

उरलेल्या दोन नियमांना फार शब्द लागत नाहीत. कोंबड्यावाचून अंडी येतात, फक्त त्यांतून पिल्ले निघत नाहीत. अंड्यांच्या मोठ्या पोल्ट्रीत कोंबडे ठेवतच नाहीत. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो, आतल्या पोषणाशी त्याचा संबंध नाही.

आत्याच्या खुराड्यात आता मागच्या कोपऱ्यात गोणपाटाचा पडदा सोडून दोन बुट्ट्या ठेवल्या आहेत आणि बाकीच्या कोंबड्या त्यांत बसू लागल्या आहेत. तांबडीला नवी पिसे येईपर्यंत कोणतीही सक्ती करायची नाही, असे आम्ही ठरवले आहे. गोठ्यामागची तिची जागा मोडलेली नाही, आणि तिथे जवळच पाण्याची वाटी ठेवायला आत्यानेच सुरुवात केली आहे.