फॉन्ट बदलायला प्रोग्रॅम लिहायचा?

मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये कोरी फाइल उघडली की अक्षरं मला हवी त्या आकाराची दिसावीत. बस, एवढीच मागणी. त्यासाठी काल रात्री अडीच तास व्हीबीएशी, म्हणजे वर्डच्या आतल्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेशी, झटापट करत बसलो होतो. मी! ज्याला एक्सेलमध्ये बेरजेच्या पुढे फारसं काही येत नाही.

"अरे, फॉन्टच्या चौकटीत 'सेट ॲज डिफॉल्ट' आहे की," असं कोणीतरी शहाणा म्हणेलच. आहे ना बाबा. दाबलं. 'ऑल डॉक्युमेंट्स' पण निवडलं. इंग्रजी झालं १४ पॉइंटचं, टुमदार. मराठी मात्र जिथल्या तिथे, मुंग्यांच्या रांगेसारखं. कारण या सॉफ्टवेअरच्या लेखी देवनागरी ही 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'! तिचा फॉन्ट वेगळा, आकार वेगळा, बोल्डसुद्धा वेगळं. एका ओळीत दोन चुली.

मग कोणीतरी सुचवलं, मॅक्रो कर, म्हणजे कृती एकदा टिपून ठेवायच्या आणि हव्या तेव्हा पुन्हा चालवायच्या. रेकॉर्डर चालू करायचा, फॉन्ट बदलायचा, रेकॉर्डर बंद. सोप्पं! तर हा रेकॉर्डर मी काय बदललं तेवढंच टिपत नाही, त्या चौकटीत दिसणारं सगळं टिपतो. बोल्ड नाही, इटॅलिक नाही, अधोरेखन नाही, हेही इमानदारीत लिहून ठेवतो. मला काय माहीत? जुना अहवाल पूर्ण सिलेक्ट केला, मॅक्रो चालवला, आणि आतली सगळी ठळक अक्षरं सपाट. आकार तेवढा बदलला हो. इंग्रजीचा.

शेवटी कोड हाताने लिहायला घेतला. तेव्हा कळलं की 'फॉन्ट.साइझ' लिहून मराठीला काही फरक पडत नाही, तिथे 'साइझबाय' लागतं, 'नेमबाय' लागतं. मदतीचं पान उघडलं तर त्यात लिहिलंय, हे उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषांसाठी. आपण कधीपासून मराठी उलटी लिहायला लागलो? ज्याला देवनागरीचा आकार हवाय तो अरबी-हिब्रूच्या पानावर कशाला शोधायला जाईल?

बरं, नवी फाइल उघडताना आपोआप चालणारा 'ऑटोन्यू' नावाचा मॅक्रो नॉर्मल टेम्पलेटमध्ये, म्हणजे प्रत्येक कोऱ्या फाइलच्या मूळ साच्यात, टाकून हे बसवलं एकदाचं. पण त्या टेम्पलेटचा काय भरवसा? बिघडलं की पहिला सल्ला ठरलेला: डिलीट कर, नवीन आपोआप तयार होईल. होतं की! कारखान्यातलं. माझ्या स्टाइल आणि मॅक्रो त्याच्याबरोबर स्वर्गवासी.

आणि या मायक्रोसॉफ्टवाल्यांचे स्वतःचे डिफॉल्ट? ते मात्र यांना वाटेल तेव्हा बदलतात. २००७ पासून कॅलिब्री फॉन्ट, डोळ्यांना सवय झाली तोवर २०२३ मध्ये ॲप्टॉस. परिच्छेदाखाली जास्तीची मोकळी जागा वेगळीच. आम्हाला विचारलं होतं कोणी?

आज सकाळी सहकारी म्हणाली, मलाही दे ना तुझी सेटिंग. वर्डच्या साध्या डॉकएक्स फाइलमध्ये मॅक्रो राहतच नाही, म्हणून मॅक्रो ठेवता येणारी डॉकएम फाइल करून ईमेलने पाठवली. तिने उघडल्या उघडल्या वर लाल पट्टी: मॅक्रो ब्लॉक केलेत, स्रोत विश्वासार्ह नाही. व्हायरसवाले मॅक्रो पाठवतात हे मान्य, पट्टी हवीच. पण मुळात अक्षराचा आकार सांगायला मॅक्रो लागावा ही वेळ आणली कोणी?

तिने मला विचारलं, "नक्की काय पाठवलंयस तू?"