खुलासा : कंपनीने भरपाई नाकारली म्हणून ६० दिवसांत हायकोर्ट? नाही!

सध्या एक मेसेज फिरतोय : "कामावर अपघात झाला आणि कंपनीने किंवा विम्यावाल्यांनी क्लेम नाकारला, तर ६० दिवसांत हायकोर्टात अपील करा, नाहीतर हक्क गेला." यात दोन गोष्टींची सरमिसळ आहे.

कंपनीचं नकाराचं पत्र म्हणजे निकाल नव्हे. २१ नोव्हेंबर २०२५ आधीचा अपघात असेल तर १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यानुसार आधी भरपाईचे दावे ऐकणाऱ्या आयुक्तांकडे दावा करायचा. महाराष्ट्रात हे काम कामगार न्यायालय बघतं. मुदत अपघातापासून २ वर्षं, आणि सबळ कारण असेल तर उशीरही माफ होतो. ६० दिवस आहेत ते आयुक्तांच्या आदेशाविरुद्ध हायकोर्टात अपील करायला, तेही कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच.

"चूक तुझीच होती" हे उत्तर तर सर्रास मिळतं. पॉवर प्रेसमध्ये (पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्रात) बोटं गेलेल्याला हेच सांगून घरी पाठवतात. साध्या निष्काळजीपणाने भरपाई बुडत नाही. दारू पिऊन काम करणं किंवा सुरक्षेची साधनं मुद्दाम काढून टाकणं हे अपवाद आहेत; पण मृत्यू वा कायमचं संपूर्ण अपंगत्व आलं असेल तर तेही चालत नाहीत. "हक्क सोडला" अशा कागदावर सही घेतली असली तरी कायद्यापुढे तो कागद रद्दीच.

ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) असाल तर मात्र वाट वेगळी : भरपाई ईएसआय महामंडळाकडून, मालकाकडून नाही. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे, त्यामुळे त्यानंतरच्या अपघातासाठी मुदत आणि कलमं वकिलाकडून किंवा युनियनकडून संहितेतूनच तपासून घ्या.