वेशांतर म्हणजे समलैंगिकता नव्हे : एक खुलासा
चित्रपटात पुरुषाने स्त्रीवेश घेतला म्हणजे ते पात्र समलैंगिक असते आणि असे चित्रण अलीकडेच सुरू झाले, असे सांगितले जाते. ही दोन्ही विधाने चुकीची आहेत. वेशांतर पोशाखाशी, तर समलैंगिकता आकर्षणाशी निगडित आहे. जर्मनीत १९१९ सालीच ‘आंडर्स आल्स दी आंडर्न’ या मूकपटाने समलैंगिक नायकाची शोकांतिका सहानुभूतीने मांडली होती, हे विसरणे त्या कलावंतांवर अन्याय करणारे आहे. १९३० च्या ‘मोरोक्को’ या हॉलिवूडपटात अभिनेत्री मार्लेन डीट्रिख पुरुषी सूट घालून एका स्त्रीचे चुंबन घेते, पण तिची नायिका प्रेमात पडते ती पुरुषाच्याच. पुढे १९३४ पासून हॉलिवूडमध्ये चित्रपटात काय दाखवावे हे ठरवणाऱ्या आचारसंहितेची (‘हेज कोड’) कडक अंमलबजावणी झाली आणि समलैंगिकता पडद्यावर उघडपणे दाखवणे वर्ज्य ठरले. ही बंदी १९६१ मध्ये शिथिल झाली.