"पाण्याचा अंदाज न आल्याने"

गटारी जवळ आली की मला पेपर उघडायची धास्ती वाटते. दरवर्षी तीच बातमी, धरणावर पार्टीला गेलेल्या तरुणाचा "पाण्याचा अंदाज न आल्याने" बुडून मृत्यू, पोलिसांत अकस्मात मृत्यूची नोंद. अंदाज का आला नाही ते कोणी लिहीत नाही. घरच्यांना लाज वाटते, मित्र घाबरलेले असतात आणि सगळा दोष बिचाऱ्या पाण्यावर.

दोन वर्षांपूर्वी धुळवडीला आमच्या गावच्या डोहावर शहरातून पाच पोरं आली होती. दुपारपर्यंत बाटल्या रिकाम्या, रंग धुवायला एक जण आत उतरला. ओरडा ऐकून आम्ही पळत गेलो, विचारलं कुठे बुडाला, तर चौघांची बोटं चार दिशांना. एक म्हणतो खडकापाशी, दुसरा म्हणतो पार पलीकडे, तिसरा म्हणे अहो तो बाहेर आला होता ना आत्ता. गळ टाकून टाकून सापडेपर्यंत संध्याकाळ झाली. काठावर त्याचा शर्ट नीट घडी करून ठेवलेला, त्यावर घड्याळ. चांगला पोहणारा होता हो तो.

तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात बसलीये, दारू फक्त पाण्यात उतरणाऱ्याला नाही मारत, काठावरच्यांनाही निकामी करते. बुडणारा माणूस बहुतेक वेळा हात हलवून बोंबलत नाही, तोंड पाण्याखाली जात असतं, श्वासच नसतो तर ओरडणार कशाने? एखाद्या मिनिटात गप्प खाली जातो. ते बघायला शुद्धीतला डोळा लागतो.

आणि आतल्याचं काय होतं तर दारूने तोल जातो, पाण्याखाली वर कुठे खाली कुठे कळेनासं होतं, घशात पाणी गेल्यावर ते अडवायची शरीराची सवय मंदावते. "थंडी वाजत नाही, दोन पेग मारलेत" म्हणतात ना, ते तर साफ खोटं, कातडीकडे रक्त धावतं म्हणून गरम वाटतं, खरं तर अंगातली ऊब भराभर बाहेर चाललेली असते. बिअरनेही हेच होतं, बिअर म्हणजे काय सरबत नाही! जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात ३ लाख माणसं बुडून गेली, आणि पाण्याजवळची दारू हा धोका ते स्पष्ट सांगतात.

दारू सोडा असं मी म्हणत नाहीये. आधी पोहून घ्या, कपडे बदला, मग काय ते, आणि एकदा प्यायलात की परत पाण्यात नाही. कोणी बुडताना दिसला तर मागोमाग उडी मारू नका, झाकण लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन दोरीला बांधून फेका, ११२ लावा. बाहेर काढल्यावर पोट दाबत बसू नका, श्वास नसेल तर तोंडाने श्वास द्या आणि छाती दाबा.

आणि निघायच्या आधीच ग्रुपवर एकाचं नाव ठरवा, जो पिणार नाही आणि पाण्याकडे बघत बसेल. आमच्या ग्रुपमध्ये यंदा तो मी आहे, काल रात्रीच लिहून टाकलंय.