दोन तास बेचाळीस मिनिटं

"अरे, तुझ्या विमानतळापासून आमच्या विमानतळापर्यंत १,७६० किलोमीटर. २ तास ४२ मिनिटं. मी साइटवर बघितलंय. सकाळी निघ, जेवायला घरी ये," ताई फोनवर म्हणाली.

मी फसलो तो त्या बेचाळीसमुळे. 'अडीच-तीन तास' म्हणाली असती तर संशय आला असता. बेचाळीस म्हणजे कुणीतरी घड्याळ लावून बसलं असणार. तसं कुणीच बसलेलं नव्हतं. साइट दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेते, पृथ्वीच्या गोलावरून सगळ्यात जवळचं अंतर काढते, ताशी ८०० किलोमीटरने भागते आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास वर टाकते. तिथे विमान जातं का, हा प्रश्न तिला पडतच नाही. उद्या माझ्या गच्चीपासून ताईच्या गच्चीपर्यंतचा उड्डाणकाळही ती बिनदिक्कत सांगेल.

विमान जात नव्हतं. लहान विमानतळांच्या अशा जोडीसाठी रोज विमान भरेल इतकी माणसं कुठून आणायची? म्हणून सगळ्यांना आधी एका मोठ्या विमानतळावर गोळा करतात आणि तिथून गावोगाव वाटतात. आमचा मोठा विमानतळ ताईच्या गावाच्याही पुढे ६०० किलोमीटर. आधी पुढे जायचं, मग मागे यायचं. द्राविडी प्राणायाम, तोही पट्टा बांधून.

पहिल्या विमानात समोरच्या पडद्यावर नकाशा होता. पिवळ्या रेघेवरून इवलंसं विमान सरकत होतं. बघता बघता ते ताईच्या गावाच्या ठिपक्यावर आलं. मी घड्याळ बघितलं. निघाल्यापासून बरोबर २ तास ४२ मिनिटं. म्हणजे साइट खोटं बोलली नव्हती. मी वेळेवर पोचलो होतो, फक्त दहा किलोमीटर वर. विमानतळापासून ताईचं घर पंचवीस किलोमीटर आहे, त्या मानाने मी जवळच होतो. ठिपका मागे गेला.

पुढे कॅप्टनने पंचवीस मिनिटं लवकर उतरल्याची खूशखबर दिली. यात मर्दुमकी थोडी, हिशेब जास्त. तिकिटावरची वेळ चाकांखालचे ठोकळे काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंतची असते, आणि त्यात उशिराची तरतूद आधीच कालवलेली असते. शिवाय पूर्वेकडे जाताना वरच्या वाऱ्याचा झोत पाठीशी होता. (परतताना तोच झोत तोंडावर येणार. साइट मात्र दोन्हीकडून बेचाळीसच सांगते.) लवकर आलो म्हणून विमान लावायला जागा नव्हती. तोवर सगळे उठून उभे राहिलेले, वरच्या कप्प्याखाली माना वाकवून. माझ्या कानात कुणाच्या तरी बॅगेचा पट्टा. असे आम्ही पस्तीस मिनिटं उभे होतो.

मग पावणेसहा तास एका खुर्चीत. खुर्च्यांना मधे हात असतात, ते माणसाने आडवं होऊ नये म्हणूनच. मग पंख्याचं छोटं विमान. ते ताशी जेमतेम ५००, त्यात खालच्या ढगांची ओळख ठेवत जाणारं.

रात्री ताईने दार उघडलं. ताट सकाळपासून झाकून ठेवलेलं होतं.

"कुठे रखडलास रे? पावणेतीन तासांचा तर प्रवास!"

"अगं, दुपारी तुझ्या घरावरूनच गेलो."

"मग हाक नाही का मारायची?"