एका प्रतिक्रियेला उत्तर : सांडपाण्याचे नियम, नाशिकची गोदावरी आणि दूरचा समुद्र

सप्रेम नमस्कार.

किनारपट्टीवरील जलप्रदूषण आणि सरकारी अंमलबजावणी या माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे : नाशिकपासून बंगालचा उपसागर हजारभर किलोमीटर दूर आहे, मध्ये जायकवाडीसारखी धरणे आहेत, त्यामुळे इथे बसून समुद्राची काळजी वाहणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे होय; नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत आपला प्लेटिंगचा (धातूवर मुलामा चढवण्याचा) लहान कारखाना आहे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची नोटीस नेहमी आपल्यासारख्यांनाच येते, महापालिकेचे नाले मात्र बिनदिक्कत वाहतात; आणि नियम पुरेसे झाले, आता प्रबोधन हवे. यातील दुसरा मुद्दा सर्वांत वजनदार आहे, म्हणून त्यावर अधिक लिहितो.

आधी अंतराविषयी. उन्हाळ्यात नाशिकचे मलजल समुद्रापर्यंत पोहोचत नाही, हे खरेच आहे. ते निफाड तालुक्यातच अडते. चांदोरी-सायखेड्याच्या पुलांना तटलेल्या पाणवेलींचा जाड हिरवा थर आणि रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) दर्जा मिळालेल्या नांदूर मध्यमेश्वरच्या जलाशयातील गाळ हा त्याचाच पुरावा. परंतु गोदावरी आपले वर्षाचे बहुतेक पाणी पावसाळ्याच्या काही महिन्यांतच वाहून नेते, आणि गंगापूर व दारणा धरणांतून विसर्ग सुरू झाला की आठ महिने पात्रात बसलेली घाण पहिल्या पुरातच उचलली जाते. जड गाळ धरणात बसतो. विरघळलेले नायट्रोजन आणि फॉस्फरस यांना मात्र धरणाची भिंत कायमची अडवू शकत नाही. 1465 किलोमीटरच्या या नदीवर नाशिक, नांदेड, राजमहेंद्री यांपैकी प्रत्येक शहर आपला वाटा नगण्य असल्याचे सांगू शकते, आणि सर्वांचे नगण्य वाटे एकत्र होऊन त्रिभुज प्रदेशात उतरतात.

शिवाय आपल्या जिल्ह्याचे सगळे पाणी पूर्वेला जात नाही. दमणगंगा, पार आणि वैतरणा या नद्या आपल्याच सह्याद्रीत उगम पावून अरबी समुद्राला मिळतात. दमणगंगा पेठच्या डोंगरातून बऱ्यापैकी स्वच्छ उतरते आणि समुद्र हाकेच्या अंतरावर आला असता वापीला गाठ पडते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2009 च्या यादीत वापी हे देशातील दुसऱ्या क्रमांकाचे प्रदूषित औद्योगिक क्षेत्र होते. दमणगंगेच्या दुखण्यात आपला वाटा फारसा नाही. गोदावरीच्या काठावरचे पहिले मोठे शहर मात्र आपणच आहोत.

किनाऱ्याची गोष्ट निघाली आहे तर एक विसंगती नोंदवतो, कारण ती फारशी बोलली जात नाही. पर्यावरण (संरक्षण) नियम, 1986 मधील सर्वसाधारण मानकांनुसार सांडपाणी नदी-नाल्यात सोडायचे असेल, तर त्याची जैवरासायनिक प्राणवायूची मागणी, म्हणजे आपल्या ओळखीचा बीओडी (पाण्यातील सेंद्रिय घाण कुजताना किती प्राणवायू खर्च होईल याचे माप), लिटरला 30 मिलिग्रॅमपर्यंत चालते. समुद्रात सोडायचे असेल तर 100 पर्यंत. आपल्या व्यवसायातील सहासंयुजी क्रोमियम या विषारी धातूचे प्रमाण नदीसाठी 0.1 आणि समुद्रासाठी 1 मिलिग्रॅम, म्हणजे थेट दहापट. समुद्र मोठा आहे, सामावून घेईल, हे गृहीतक त्यामागे आहे. पालघर जिल्ह्यातील तारापूर औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी नवापूरच्या समुद्रात जाते. तिथल्या मांगेला मच्छीमारांच्या संघटनेला अखेर राष्ट्रीय हरित लवादाचे (पर्यावरणविषयक न्यायाधिकरणाचे) दार ठोठवावे लागले, यावरून ते गृहीतक किती टिकले ते दिसते.

आता नोटिशीचा मुद्दा. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, 1974 च्या कलम 33अ खाली मंडळ कारखाना बंद करण्याचा, त्याची वीज आणि पाणी तोडण्याचा आदेश देऊ शकते. हे हत्यार कारखान्यावर चालते, कारण कारखाना बंद पडला की सांडपाणीही थांबते. तपोवन किंवा आगर टाकळीच्या मलनिस्सारण केंद्राची वीज तोडली तर काय होईल? जे अर्धवट शुद्ध होऊन जात होते, ते पूर्ण कच्चे नदीत जाईल. मंडळ महापालिकेसमोर नमते घेते ते केवळ सरकारी भिडेपोटी, असे मला वाटत नाही. भीड आहेच, पण कायद्याचे सर्वांत धारदार कलम तिथे बोथट ठरते, हे खरे कारण आहे.

मग उरतो पैशाचा मार्ग. सर्वोच्च न्यायालयाने 22 फेब्रुवारी 2017 रोजी पर्यावरण सुरक्षा समितीच्या याचिकेवर निकाल देताना स्थानिक संस्थांना मलजल प्रक्रियेसाठी तीन वर्षांची मुदत घातली. त्यानंतर हरित लवादाने मुदत चुकवणाऱ्यांना प्रत्येक केंद्रामागे महिना 10 लाख रुपये भरपाई ठरवली, आणि सप्टेंबर 2022 मध्ये घनकचरा व सांडपाण्यातील हलगर्जीपणासाठी महाराष्ट्र शासनावर एकूण 12,000 कोटी रुपयांची आकारणी केली. आकडा ऐकून धडकी भरते. पण हा पैसा एका सरकारी खिशातून दुसऱ्या सरकारी खिशात जातो आणि दोन्ही खिसे करदात्याचेच असतात. जल अधिनियमाच्या 2024 च्या दुरुस्तीने बहुतेक गुन्ह्यांतील कैद काढून 10 हजार ते 15 लाख रुपयांचा दंड आणला आणि सरकारी खात्याने नियम मोडल्यास खातेप्रमुखाला एका महिन्याच्या मूळ वेतनाएवढा दंड ठेवला. पाणी हा राज्यांचा विषय असल्याने ही दुरुस्ती प्रत्येक राज्याला विधिमंडळात ठराव करून स्वीकारावी लागते. तेव्हा आपल्याला संमतीपत्र, बँक हमी आणि वीजतोडणी, आणि मोठ्या सांडपाण्याच्या धन्याला महिन्याचा पगार, ही तफावत आपण दाखवलीत ती खरीच आहे.

मात्र त्यावरून आपण काढलेला निष्कर्ष, की लहान कारखान्यांना सोडून द्यावे, मला मान्य नाही. प्लेटिंगचे पाणी प्रक्रिया न करता गटारात गेले, तर त्यातील क्रोमियम मलनिस्सारण केंद्रातील जिवाणूंना मारते. म्हणजे ज्या केंद्राच्या नावाने आपण बोटे मोडतो, ते बिघडवण्यात अशा कारखान्यांचाही हात असू शकतो. धातू तर त्या केंद्रात नाहीसे होतच नाहीत. काही गाळात बसतात, उरलेले नदीत जातात. आपला कारखाना असे करतो असे मी म्हणत नाही. पण नंदिनी (आपण अजून नासर्डीच म्हणतो) सातपूर-अंबडकडचे पाणी घेऊन शहर ओलांडते आणि टाकळीजवळ गोदावरीला मिळते, तिथे कोणाचे पाणी कोणते हे ओळखणे शक्य राहत नाही. म्हणूनच तपासणी कारखान्याच्या दारात व्हावी लागते.

आपल्यावर खरोखरच अन्याय झाला असेल, तर जल अधिनियमाचे कलम 21 वाचावे. नमुना घेताना आपण मागणी केली, तर मंडळाच्या अधिकाऱ्याने आपल्या समक्ष त्याचे दोन भाग करून, मोहोरबंद करून दोघांच्या सह्या घेतल्या पाहिजेत. तसे न झाल्यास तो न्यायालयात पुरावा ठरत नाही. आणि महापालिकेच्या नाल्याविषयी तक्रार असेल, तर कलम 49 नुसार 60 दिवसांची पूर्वसूचना देऊन कोणीही नागरिक थेट न्यायालयात जाऊ शकतो. उद्योजकांच्या संघटना हे का करत नाहीत, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

प्रबोधनाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. रामकुंडावर निर्माल्य टाकू नका असे फलक आहेत, ते चांगलेच आहेत. पण तपोवनाच्या खाली पाण्यावर तरंगणारा पांढरा फेस निर्माल्याचा नाही. स्नानयोग्य पाण्याचा बीओडी 3 च्या आत असावा लागतो. 30 च्या मानकाने सोडलेले पाणी तिथवर यायचे तर नदीत त्याच्या किमान नऊपट स्वच्छ प्रवाह हवा, आणि आवर्तन (धरणातून सोडलेले पाणी) नसताना शहराच्या खाली गोदावरीत वाहते ते मुख्यत्वे आपलेच सांडपाणी असते. केंद्र मानक पाळत असेल तरीही नदी नापास होते. यावर नागरिकांचे प्रबोधन काय करणार?

माझा आग्रह बांधकाम परवान्यांविषयी आहे. 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कचरा टाकण्याच्या जागांच्या प्रश्नावरून मुंबईत नव्या बांधकामांना मनाई केली होती. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सशर्त शिथिल केली, परंतु तोवर यंत्रणा हलली होती. ज्या भागातील मलजल प्रक्रियेची क्षमता संपली आहे, तिथे नवे परवाने थांबवण्याचा नियम नाशिकमध्ये आला, तर महापालिकेला कोणत्याही दंडापेक्षा तो जास्त झोंबेल, आणि बांधकाम व्यावसायिकच केंद्राच्या कामाचा पाठपुरावा करू लागतील. 2027 च्या सिंहस्थासाठी पैसा आणि इच्छा दोन्ही उपलब्ध असताना हे मागून घेणे सोपे आहे. प्रत्येक केंद्राच्या सोडपाण्याचे एप्रिल-मे महिन्यांतील दैनिक आकडे घाटावर लावावेत, ही मागणी त्याला जोडून करता येईल. आपल्या संघटनेने तसे निवेदन दिले, तर सही करायला मी येईन.